गाडी किती पळलीय?

एका माणसानं एकच गाडी ४७ वर्षांत ३० लाख मैल पळवली. गाडी भारी होती, मान्य. पण तसल्याच हजारो गाड्या कधीच भंगारात गेल्या. मग हीच कशी टिकली? बाबांची जुनी बाइक तुमच्या हातात आली असेल किंवा पहिल्या पगारावर सेकंडहॅण्ड कार बघत असाल, तर हे वाचाच!

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला. ‘ॲव्हरेज किती देते?’ सोसायटीचा वॉचमन विचारतो, लग्नात भेटलेले लांबचे काका विचारतात, पंपावर पेट्रोल भरणारा पोरगाही विचारतो. मायलेज म्हणजे लिटरला किती किलोमीटर, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे हे आपण विसरूनच गेलोय. गाडी आजवर एकूण किती पळली, हा तो दुसरा अर्थ. तो आपल्याला आठवतो थेट सेकंडहॅण्ड गाडी बघायला गेल्यावर. ‘रनिंग किती झालंय?’ समोरचा सांगतो, ‘फक्त बेचाळीस हजार, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी आहे.’ आपण मान डोलावतो. मीटर मागे फिरवलेला नसेल, तर नशीब आपलं.

आता या बेचाळीस हजारांच्या शेजारी एक आकडा ठेवून बघा. अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर.

अर्व्ह गॉर्डन नावाचे एक शिक्षक होते. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहायचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. घर ते शाळा आणि परत, रोजचं अंतर सुमारे १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर. एवढ्या रोजच्या पळापळीला भरवशाची गाडी हवी आणि आधीच्या गाड्यांनी तर पार वैताग आणलेला. १९६६ च्या जून महिन्यात त्यांनी एक लाल रंगाची व्होल्व्हो १८०० एस घेतली. दोन दरवाजांची, देखणी, स्पोर्टी कार. रॉजर मूर जेम्स बाँड व्हायच्या आधी ‘द सेंट’ या टीव्ही मालिकेत याच जातीची पांढरी गाडी चालवायचा. किंमत चार हजार डॉलर्सच्या थोडी वर. शिक्षकाच्या जवळपास वर्षभराच्या पगाराएवढी! गाडी घरी आणली आणि पहिल्या काही दिवसांतच हे महाशय १५०० मैल फिरून आले. लगेच पहिल्या सर्व्हिसिंगला हजर.

पुढं मग थांबलेच नाहीत. १९८७ मध्ये १० लाख मैल. २००२ मध्ये २० लाख. मधल्या काळात गिनेस बुकात नाव लागलं, एकाच मालकानं, धंद्यासाठी नाही तर स्वतःसाठी, सगळ्यात जास्त चालवलेली कार म्हणून. आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कातल्या एका रस्त्यावर ३० लाखावा मैल पडला. कंपनीनं मध्ये त्यांना नव्या गाड्या भेट दिल्या, तरी हे लाल गाडीच पळवत राहिले. निवृत्तीनंतर तर दुसऱ्या राज्यात फक्त जेवायला जाऊन यायचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा मीटरचा हिशेब ३२ लाख मैलांच्या पुढं गेला होता.

३० लाख मैल म्हणजे ४८ लाख २८ हजार किलोमीटर. पृथ्वीला १२० प्रदक्षिणा. चंद्रावर जाऊन यायचं म्हटलं तर सहा फेऱ्या. पण असले आकडे ऐकून नुसतं ‘अबब’ होतं, कळत काही नाही. म्हणून वेगळा हिशेब करू. ४७ वर्षांत हे अंतर म्हणजे दिवसाला सरासरी २८० किलोमीटर. पुण्याहून निघायचं, मुंबईला पोचायचं, संध्याकाळी परत. रविवारी पण. दिवाळीला पण. ताप आला असेल तरी. असं सत्तेचाळीस वर्षं!

मीटर सगळं सांगत नाही

आता तुम्ही म्हणाल, एवढं पळवलं तरी इंजिन टिकलं कसं? खरं तर थोडं उलटं आहे. एवढं पळवलं, आणि सलग पळवलं, म्हणूनही ते टिकलं.

हे नीट समजून घ्या, कारण इथंच आपला सगळ्यांचा घोळ होतो. इंजिन चालू असताना आतले लोखंडी भाग एकमेकांवर घासत नाहीत, निदान घासू नयेत अशी रचना असते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा केसापेक्षाही कितीतरी पातळ थर असतो. शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. गाडी रात्रभर उभी राहिली, की हे ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी बटण दाबलं की पंप ते पुन्हा वर चढवतो, पण त्याला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात जे घासतं, ते घासतं.

एवढ्यावरच भागत नाही. बारावीच्या केमिस्ट्रीतलं कम्बशनचं समीकरण आठवतंय? हायड्रोकार्बन जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाफ होऊन त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून टपटप पाणी गळताना दिसतं ना, ते हेच. पण इंजिन थंड असताना यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली सरकते आणि ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेलं थोडं पेट्रोलही. इंजिन पूर्ण तापून तासभर चाललं तर हे सगळं उडून जातं. तुम्ही दीड किलोमीटरवरच्या क्लासला गेलात, गाडी बंद केली, परत आलात, पुन्हा बंद केली, तर ते आतच राहतं. दिवसेंदिवस साठतं. ऑइलचं हळूहळू चिकट, काळं गाळासारखं काहीतरी होऊन बसतं.

म्हणजे गॉर्डन सर सकाळी गाडी एकदा चालू करायचे आणि शंभर किलोमीटर सलग जायचे. तुमची स्कूटर दिवसात सहा वेळा चालू होते आणि मिळून दहा किलोमीटर जाते. मीटरवर त्यांचे आकडे भयंकर, तुमचे नाजूक. इंजिनाला विचाराल तर ते वेगळंच सांगेल.

आणखी एक हिशेब करा, सोपा आहे. हायवेवर ८० च्या वेगानं एक लाख किलोमीटर जायला इंजिन १२५० तास चालतं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये सरासरी १५ चा वेग धरला (संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडून दाखवा, १५ पण जास्त वाटेल) तर तेवढ्याच एक लाख किलोमीटरला ६६०० तासांहून जास्त. पाचपट! सिग्नलला उभं असताना मीटर ढिम्म हलत नाही, पण इंजिन मात्र चालूच असतं. ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर यांना म्हणूनच किलोमीटर नाही, तासांचा मीटर असतो. गावाकडच्या मंडळींना हे न सांगता कळतं. ‘ट्रॅक्टर किती तास चाललाय’ असंच विचारतात ते. आपणच किलोमीटर बघून भुलतो.

तसाच एक किस्सा अलीकडचा. लुइझियाना राज्यातल्या व्हिक्टर शेपर्ड यांनी २००७ ची टोयोटा टुंड्रा, म्हणजे मोठा पिकअप ट्रक, कामासाठी लांबलांबच्या राज्यांत पळवला आणि २०१६ मध्ये १० लाख मैल पूर्ण केले. नऊ वर्षांत! तेही मूळच्याच इंजिनावर आणि मूळच्याच गिअरबॉक्सवर. कंपनीनं त्यांना नवा ट्रक दिला आणि जुना तपासायला स्वतःकडे ठेवून घेतला. इथंही तेच. जवळपास सगळं रनिंग हायवेचं, आणि सर्व्हिसिंग एकदाही बुडवलं नाही.

कंटाळवाणं काम

हायवे सगळ्यांच्या नशिबी नसतो. पण गॉर्डन यांची दुसरी गोष्ट कुणालाही जमण्यासारखी आहे. ती इतकी साधी आहे की मुलाखत घ्यायला येणाऱ्यांची निराशाच व्हायची म्हणे. काहीतरी सिक्रेट असेल या आशेनं लोक यायचे, आणि यांचं उत्तर काय? गाडीसोबत मिळालेलं पुस्तक वाचा आणि त्यात लिहिलंय तेवढं करा.

ते दर ३००० ते ३५०० मैलांना ऑइल बदलायचे. ३० लाख मैलांत किती वेळा झालं? साडेआठशे ते हजार वेळा. फिल्टर त्यासोबत. गाडी दुसऱ्याच्या हातात जवळजवळ कधी दिलीच नाही. कुठं काही वेगळं वाजलं की ते लगेच बघून घ्यायचे, ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असं नाही. आणि नोंदी ठेवायचे. इंजिन उघडून पूर्ण काम करायची वेळ आली ती पहिल्यांदा ६ लाख ८० हजार मैलांवर, म्हणजे जवळपास ११ लाख किलोमीटर झाल्यावर. आपल्याकडं बाइकचं ‘इंजिनकाम निघालं’ म्हणून डोक्याला हात लावणारे आपण, बहुतेक वेळा त्याच्या विसाव्या हिश्शावर असतो.

अर्थात गाडीचंही श्रेय आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिचं बी १८ हे इंजिन १८०० सीसीचं, चार सिलिंडरचं, बीड धातूच्या जाड ब्लॉकचं. क्रँकशाफ्टला आधार द्यायला पाच मेन बेअरिंग, जेव्हा त्या काळच्या कितीतरी गाड्या तिनावर भागवायच्या. रबरी टायमिंग बेल्टच नाही, तिथं गिअर. आज ज्या गाड्यांत बेल्ट आहे तिथं तो वेळेवर बदलला नाही आणि धावत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आपटतात. पाच मिनिटांपूर्वी नीट चालणारी गाडी टो करून न्यावी लागते. सेकंडहॅण्ड कार घेणाऱ्यांनी तर ‘बेल्ट कधी बदलला’ हा प्रश्न रंगाच्या आधी विचारावा.

पण याच कंपनीनं याच मॉडेलच्या हजारो गाड्या बनवल्या. त्यातली एकच ३० लाखांवर पोचली. म्हणजे लोखंडापेक्षा वेळापत्रकाचा वाटा मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या वेळापत्रकाकडे येऊ. आजचं ऑइल तेव्हापेक्षा खूप चांगलं असतं, त्यामुळं उगाच दर महिन्याला बदलायची गरज नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, तोच पाळायचा. फक्त त्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. धूळ जास्त, सतत थांबत-चालत वाहतूक, छोट्या छोट्या फेऱ्या, खूप उष्णता, अशा ठिकाणी गाडी चालवत असाल तर मुदत कमी धरा. म्हणजे नागपूरचा मे महिना, पुण्याचं ट्रॅफिक आणि खोदून ठेवलेला मुंबईतला कुठलाही रस्ता. आपण सगळेच त्या बारीक अक्षरात बसतो.

धुळीवरून आठवलं, एअर फिल्टर. धूळ म्हणजे वाळूचेच कण. फाटक्या फिल्टरमधून ती आत गेली की सिलिंडरच्या आतून पॉलिश पेपर घासल्यासारखं काम सुरू. मग गाडी ऑइल खायला लागते, निळसर धूर ओकायला लागते. गॅरेजवाला फिल्टर काढून एअर मारून परत बसवतो आणि आपण खूश. कागदाचा फिल्टर असेल तर असं किती वेळा चालणार? बदलायला लावा. काही शे रुपयांचा प्रश्न असतो, त्यापुढचं बोअर-पिस्टनचं काम हजारांत जातं.

कारवाल्यांसाठी आणखी एक, कूलंट. रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसलं की बोअरवेलचं पाणी ओतायची आपल्याकडं पद्धत आहे. त्या जड पाण्यातले क्षार आत जाऊन थर धरतात, घरातल्या गीझरच्या कॉइलला धरतात तसेच. आणि कूलंट म्हणजे नुसतं हिरवं पाणी नसतं. आतला धातू गंजू नये म्हणून त्यात रसायनं असतात आणि ती काही वर्षांत संपतात. रंग तसाच राहतो, काम बंद होतं. मग एक दिवस घाटात गाडी गरम होते. इंजिन मरायची ही सगळ्यात घाईची पद्धत.

सगळं बदललं, तरी तीच गाडी?

गॉर्डन यांच्या आकड्याच्या जवळ जाणारा आणखी एक जड आकडा जर्मनीत, श्टुटगार्टच्या मर्सिडीजच्या म्युझियममध्ये उभा आहे. १९७६ चं मॉडेल, मर्सिडीज २४० डी. ग्रिगोरिओस साखिनिदिस या ग्रीक टॅक्सीवाल्याची ही गाडी. त्यांनी ती १९८१ मध्ये घेतली तीच मुळी जुनी, दोन लाखांवर किलोमीटर पळालेली. २००४ मध्ये कंपनीकडे सोपवली तेव्हा आकडा होता ४६ लाख किलोमीटर. तेवीस वर्षांत.

फक्त या गाडीची इंजिनं मधल्या काळात बऱ्याचदा बदलली गेली. टॅक्सी होती, एक इंजिन दुरुस्तीला गेलं म्हणून ती उभी ठेवून कशी चालणार? घर त्यावर चालायचं.

मग प्रश्न पडतो, ती गाडी ‘तीच’ राहिली का? फिलॉसॉफीचा पेपर असणाऱ्यांना थेसियसचं जहाज आठवेल. फळी फळी बदलत गेली, तर शेवटी उरलेलं जहाज कुठलं? पण त्यासाठी ग्रीसला जायची गरज नाही, एसटी स्टँडवर जा. आपल्या लालपरीतल्या कितीतरी गाड्या जुन्या चॅसिवर नवीन बॉडी बांधून पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. पुण्यात दापोडीला, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात आणि नागपूरला हिंगण्यात एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, तिथं हे काम होतं. त्या गाडीत बसताना ‘ही तीच का’ असं कुणी विचारत नाही. सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, विषय संपला.

मला विचाराल तर गॉर्डन आणि साखिनिदिस यांच्यात डावं-उजवं करण्यात मजा नाही. एकाची हौस होती, एकाचं पोट. दोघांनीही काय फेकायचं आणि काय ठेवायचं हे नेमकं ओळखलं होतं. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बुश, बेअरिंग, टायर या झिजायच्याच गोष्टी आहेत, झिजण्यासाठीच बनवलेल्या आहेत. त्या बदलाव्या लागल्या म्हणजे ‘गाडी आता खर्च काढायला लागली, विकून टाकू’ असं होत नाही. आपल्याकडं नेमकं हेच होतं. क्लच प्लेट आणि टायर एकाच महिन्यात निघाले की घरात नव्या गाडीची चर्चा सुरू होते. नव्या गाडीचा पहिल्या सहा महिन्यांचा ईएमआय त्या खर्चापेक्षा जास्त आहे, हा हिशेब कागदावर मांडायला कुणी बसत नाही.

सरकार वर्षं मोजतं

इथं एक अडचण आहे आणि ती खरी आहे. गॉर्डन मैल मोजत होते. आपल्याकडचा कायदा वर्षं मोजतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. त्यानंतर आरटीओत नेऊन तपासणी, फी, पुढं पाच-पाच वर्षांची मुदत, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. दिल्ली परिसरात तर १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवते? तिचं उत्पादन थांबलं २००१ च्या सुमारास. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी रजिस्टर झाली २९ ऑक्टोबर २००३ ला. ऑक्टोबर २०२३ संपता संपता तिची वीस वर्षं भरली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. तिचं इंजिन कसं होतं, मालकानं ती किती जपली होती, याचा त्यात संबंध नव्हता.

राग येतो ना? मलाही येतो. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. गॉर्डन यांची १९६६ ची गाडी कार्ब्युरेटरवर चालायची, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिला नव्हता. आजच्या बीएस ६ गाडीच्या शेजारी उभी केली, तर किलोमीटरमागे तिचा धूर कितीतरी जास्त विषारी. एअरबॅग नाही, एबीएस नाही. (तीन टोकांचा सीटबेल्ट मात्र व्होल्व्होच्याच निल्स बोलिन या इंजिनीअरनं १९५९ मध्ये आणला आणि कंपनीनं ते पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं, एवढं त्यांचं ऋण मान्य करू.) जुनी गाडी जपली म्हणजे पर्यावरण वाचवलं असं सरसकट म्हणता येत नाही. नवी गाडी बनवायलाही पोलाद, वीज, पाणी लागतं हे खरं, पण भर शहरात रोज धूर ओकणारी जुनी गाडी चालवणं हा त्याचा उपाय नाही. आठ-दहा वर्षांची, नीट ठेवलेली गाडी केवळ कंटाळा आला म्हणून काढून टाकणं आणि पंचवीस वर्षांची खिळखिळी गाडी हट्टानं शहरात रोज चालवणं, या दोन टोकांच्या मध्ये खूप जागा आहे. आपल्यातले बहुतेक जण त्याच जागेत गाडी घेणार आहेत.

तुमच्या हातात काय येतंय?

बाबांची बाइक मिळाली असेल तर एक कोरी वही घ्या. मोबाइलमधली नोट पण चालेल, पण फोन दोन वर्षांत बदलतो, वही टिकते. आजची तारीख आणि मीटरचा आकडा लिहा. ऑइल कधी बदललं माहीत नसेल तर बाबांना विचारत बसू नका, बदला आणि तिथून मोजायला सुरुवात करा. ऑइलची पातळी महिन्यातून दोनदा बघा. त्यासाठी मेकॅनिक लागत नाही, गाडी सरळ उभी केली की झालं. चेन साफ करून तिला ल्युब लावा, पावसाळ्यात तर जास्तच. पेट्रोल किती भरलं आणि किती किलोमीटर गेली हेही लिहीत राहा. पन्नासचं ॲव्हरेज हळूहळू बेचाळीसवर आलं तर गाडी काहीतरी सांगतेय. टायरमध्ये हवा कमी असेल, ब्रेक धरत असेल, फिल्टर तुंबला असेल. गॅरेजमध्ये गेलात की ‘बघा काय झालंय’ असं म्हणू नका. ‘गेल्या तीन टाक्यांपासून ॲव्हरेज पडलंय’ असं सांगा. मेकॅनिकचा तुमच्याकडं बघायचा चेहराच बदलतो.

सेकंडहॅण्ड कार बघत असाल तर मीटरवर नजर टाका आणि मग विसरून जा. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर बघा. मीटर चाळीस हजार म्हणतोय आणि रबर गुळगुळीत झालंय? दाल में कुछ काला है. स्टीअरिंग घासून चकचकीत झालंय का, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलीय का, तेही बघा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२१९ असेल, तर तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चार वर्षांपूर्वी घेतलेल्या, ‘टायरसुद्धा ओरिजिनल’ असलेल्या गाडीला दोन वर्षांपूर्वीचे टायर कसे?

जाताना आधी फोनवर सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिन कसं चालू होतं हे कुणीतरी तुमच्यापासून लपवतंय. थंड इंजिन चालू करताना सायलेन्सरमागे एका मित्राला उभं करा. थंडीत थोडी पांढरी वाफ येणं ठीक, निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. ताकासारखा पांढरट थर दिसला, तर एक तर गाडी फक्त छोट्या फेऱ्यांना वापरलीय, नाही तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. पहिलं असेल तर ऑइल बदलून भागेल. दुसरं असेल तर तिथूनच परत फिरा.

हे सगळं झालं की मालकाकडं बिलं मागा. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी नाही, ते तर असतंच. सर्व्हिसिंगची बिलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल तर गाडीच्या नंबरवरून तिथं जुन्या नोंदी निघतात. दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी असेल आणि मालकानं प्लास्टिकच्या पिशवीतून सगळ्या पावत्यांचा गठ्ठा बाहेर काढला, तर ती गाडी नीट बघा, घासाघीस करा, जमलं तर घ्या. चाळीस हजार पळालेली, बाहेरून चकाचक गाडी असेल आणि मालक म्हणाला, ‘पेपर सगळे क्लिअर आहेत, बिलं कोण ठेवतं हो?’ तर त्याच्याकडचा चहा घ्या आणि दुसरी गाडी बघायला जा.